आमची डॉक्टर सून आणि नातवाचा दंड

परदेशातून परत आली की माझी सूनबाई पोराला आधी जवळ घेत नाही. आधी पट्टी काढते. बॅग दारात, चपला पायांतच, आणि ही बाई माझ्या चार वर्षांच्या नातवाला, ढब्बूला, समोर उभं करून त्याचा डावा दंड मोजते. खांदा ते कोपर, बरोबर मधोमध पेनाने टिंब, मग ती रंगीत पट्टी गुंडाळायची; लाल म्हणजे पोर खंगलेलं, हिरवा म्हणजे धडधाकट. माप हिरव्या रंगात आलं की "छान" म्हणते आणि मगच त्याला उचलते. आता तुम्हीच सांगा, ही आई की शिंपी?

ती लहान मुलांची डॉक्टर आहे. पूर, लढाया, दुष्काळ यांमुळे जिथे माणसं तंबूत राहतात, तिथे जाऊन खंगलेल्या पोरांवर उपचार करते आणि तिथल्या नव्या डॉक्टरांना शिकवते. उरलेलं वर्ष इथल्या मेडिकल कॉलेजात. काम मोठं आहे, मी कुठे नाही म्हणते? पण ढब्बूला भरवलं कोणी, निजवलं कोणी? मी! आणि ही येऊन माप घेणार. म्हणजे माझ्या हातचं खाऊन पोरगं वाळलं की काय, याची तपासणीच ना!

तेवढंही गिळलं असतं. पण यंदा ती आली तीच वेगळी. जेवताना तंद्री. फोन आला की गच्चीवर. मी मागोमाग गेले की बोलणं बंद. लेकाला विचारलं, तर तो तोंडात मिठाची गुळणी धरून बसला. लहानपणी काही फोडलं की अस्साच बसायचा. मनात पाल चुकचुकली. कुठेतरी पाणी मुरत होतं.

मग एक दिवस तिने ढब्बूला नवा शर्ट घालून फोटो काढायला नेलं. कशाला, तर म्हणे बालवाडीत हवेत. मी लागलीच बालवाडीच्या बाईंना गाठलं. "नाही हो आजी, आम्ही कुठे मागितले?" त्या म्हणाल्या. पासपोर्ट! ही पोराला घेऊन जाणार, आणि मला विमानात बसल्यावर कळवणार.

त्या दिवसापासून मी डोळ्यांत तेल घालून होते. दुपारी ती दार लोटून कॉम्प्युटरवर परदेशातल्या डॉक्टरांना शिकवते. मी घड्या केलेले कपडे उचलले. घड्यांचा गठ्ठा हातात असला की सासूला कुठल्याही खोलीत शिरता येतं. आत पाहते तर काय, पडद्यावर कडेने चौकटी-चौकटींत डॉक्टरांची तोंडं आणि मधोमध माझ्या ढब्बूचा फोटो! उघडा दंड, त्यावर पट्टी, आणि जगातले लोक टकामका बघतायत! कोणीतरी तिचं अभिनंदन केलं. मागोमाग "थ्री इयर्स" ऐकू आलं. एवढं इंग्रजी मला येतं. जन्मभर पोस्टात नोकरी केली आहे मी.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "तीन वर्षं कुठे नेतेस गं माझ्या नातवाला?"

तिने घाईने कॉम्प्युटर मिटला. "त्याला नाही, आई. मीच चाललेय. तंबूत नाही, तिकडच्या मोठ्या शहरात. लहान मुलांच्या डॉक्टरांसाठी नवं कॉलेज निघतंय, तिथे शिकवायला."

"मग ते नव्या शर्टातले फोटो?"

"पासपोर्टसाठी. सुट्टीत तुम्ही त्याला मला भेटायला आणाल म्हणून. एरवी तो तुमच्याजवळच राहू दे, हे मागायचं होतं. तोंड उघडत नव्हतं माझं."

"आणि ती पट्टी? मी काय उपाशी ठेवते त्याला?"

ती पलंगावर बसली. "नाही हो. तिकडे दिवसभर लाल रंगातलेच दंड बघते मी. बोटांना नुसतं हाड लागतं. घराच्या दारात आले तरी ते बोटांतून जात नाही. मोजल्याशिवाय ढब्बूला उचलायला भीती वाटते मला." आणि ती रडायला लागली. एवढी मोठी डॉक्टर, पण शाळकरी पोरीसारखी हमसून हमसून.

म्हणजे जिंकले होते की मी! नातू माझ्याजवळच राहणार होता. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

आमचे आवाज ऐकून ढब्बू आत आला. आई रडतेय हे बघितलं, पण तिच्याकडे गेला नाही. सरळ माझ्या मांडीवर चढला आणि कानात म्हणाला, "आजी, ही का रडते? हिला हिच्या घरी जायचंय का?"

कानात म्हणाला खरा, पण तिला ऐकू गेलंच. तिने तोंड भिंतीकडे वळवलं.

मी ढब्बूला मांडीवरून उचललं आणि तिच्या मांडीवर नेऊन बसवलं. तो परत माझ्याकडे यायला हात पसरत होता. मी हात मागे घेतले.

"घेऊन जा त्याला," मी म्हटलं. "त्याच्या बापालाही ने."

"आई, अहो पण तुम्ही..."

"मला पुन्हा विचारू नकोस. विचारलंस तर नाही म्हणेन."