चतुराबाईचं रान

परभणी जिल्ह्यात जंगल आहे म्हटलं तर परभणीचीच माणसं हसतात. जिकडे बघावं तिकडे काळी जमीन, ज्वारी, कापूस, तूर. सावलीला एखादं लिंबाचं झाड. पण जिंतूर ओलांडून डोंगराकडे वळलं की जमिनीचा रंग बदलतो, मुरूम लागतो, आणि साग, धावडा, टेंभुर्णी अशी झाडं आधी एकेकटी आणि मग घोळक्याने दिसू लागतात. मोठं अरण्य काही नव्हे. तरीही त्यात रोही म्हणजे नीलगाई आहेत, मोर आहेत, तरस आहे, आणि १९८८ साली तिथे चतुराबाई होती.

त्या वर्षीच्या जानेवारीत परभणीच्या एका शाळेची पाचवीची सहल तिथे गेली. मुख्याध्यापक दत्तराव गुरुजींनी ठरवलं होतं, यंदा देऊळ नको, धरणाची भिंतही नको, पोरांना रान पायाखालून घालायचं. बेचाळीस मुलं आणि सोबतीला सत्यशीलाबाई. सत्यशीला बी.ए. झालेली, मराठी शिकवायची, आणि तिची एकुलती एक लेक विशाखा याच वर्गात होती. सहलीच्या आदल्या दिवशी सत्यशीलाने पिशवी भरली तेव्हा तिचा नवरा म्हणाला, "दवाखाना घेऊन चाललीस की सहल?" पिशवीत उकळलेलं पाणी, हळदीची डबी, चिंधीचे पट्टे, दोन जादा स्वेटर आणि भर दिवसा न्यायची बॅटरी होती.

एसटी वनखात्याच्या चौकीपाशी थांबली, तेव्हा कळलं की वनरक्षक साहेब मीटिंगला गेलेत. रोपवाटिकेत झारीने पाणी घालणारी एक बाई तेवढी होती. चाळिशी ओलांडलेली, काटक, लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला, पायात टायरच्या वहाणा, कमरेला विळा. तिने झारी खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि म्हणाली, "चला. साहेबानं सांगून ठिवलंय."

दत्तराव गुरुजींनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही दाखवणार जंगल?"

"मग कोण दाखवनार? नव्या साहेबाला वाट मीच दाखविली. साहेब बदलतेत गुरुजी, मी हितंच हाय."

ती रोजंदारीवरची मजूर होती. चतुराबाई. मुलांनी तिला पहिल्या दहा पावलांतच मावशी केलं.

चालताना ती फार बोलायची नाही. थांबायची, बोट दाखवायची आणि मुलांना बघू द्यायची. एका जागी लेंड्यांचा ढीग होता. "हे रोहीचं. रोही रोज एकाच ठिकानी येती ह्याच्यासाठी. तुमच्यापेक्षा शिस्त हाय तिला." पुढे एक पांढरीफटक वाळलेली विष्ठा दिसली. मुलांनी नाकं मुरडली. चतुराबाईने ती काटकीने फोडून दाखवली. "हे तरसाचं. हाडं खातंय म्हनून चुन्यावानी पांढरं. मेलेलं ढोर तरस साफ करतंय, म्हनून गावाला वास येत न्हाई. त्याला नावं ठिवू नका."

"मावशी, वाघ आहे का?" एकाने विचारलं.

"वाघ न्हाई बाबा. त्यो कवाच परभनीला नोकरीला गेला."

मुलं खिदळली. विशाखा तर चतुराबाईचा पदर सोडायला तयार नव्हती. सत्यशीलाला सगळ्यात मागे राहून रांग सांभाळायचं काम होतं, पण तिची मान सारखी पुढे लांबायची. विशाखाची लाल रिबिनीची वेणी दिसली की तिला हायसं वाटायचं. चतुराबाईच्या नजरेतून ते सुटलं नाही. वळणावर थांबून ती मोठ्याने म्हणाली, "बाई, तुमी नुस्तं लेकीलाच बघायलाव. लेक घरी बी दिसंल. ह्यो धावडा कवा बघनार?"

सगळे हसले. सत्यशीलाही हसली आणि धावड्याकडे पाहू लागली. त्याच्या पांढुरक्या खोडावर डिंकाचा थेंब उन्हात चमकत होता. खरोखरच बघण्याजोगा होता.

त्या रानात पायवाटा पुष्कळ. गुरांच्या, सरपणाच्या, पाण्याच्या. वाट फुटली की चतुराबाई विळ्याने बोरीचं एक डहाळं तोडून जायचं नाही त्या वाटेच्या तोंडावर आडवं टाकायची आणि पुढे निघायची. सरपणाला जाणाऱ्या बायकांची ही रीत. पुढची बाई बंद वाटेवर डहाळं टाकते आणि मागून येणाऱ्या तिकडे वळत नाहीत. चतुराबाईच्या हाताला ही सवय इतकी मुरलेली की ते कुणाला सांगावं लागतं, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. शहरातल्या माणसाला वाटेत काटा दिसला तर तो काय करतो, हेही तिला ठाऊक नव्हतं.

सत्यशीलाने तेच केलं. वाटेच्या तोंडाशी बोरीचे काटे पाहून ती कळवळली. निम्म्या मुलांच्या पायात रबरी चपला. तिने डहाळं दोन बोटांनी उचललं आणि लांब झुडपात भिरकावलं. पुढच्या फाट्यावर दुसरं. आपण एक चांगलं काम केलं, असं तिला वाटलं. मागे कुणी उरलेलं नाही अशी तिची खात्री होती, तरी परतीच्या वेळी कुणाच्या पायात मोडायला नको.

तिची खात्री चुकीची होती. पहिल्या फाट्याच्या अलीकडे एका जाळीत बोरं पिकली होती. विशाखा आणि तिच्या दोन मैत्रिणी रांगेतून हळूच निसटून जाळीमागे शिरल्या. सत्यशीला त्यांच्यापासून दहा हातांवरून पुढे गेली. मग तिला लाल रिबीन दिसेना. सकाळपासून पोरगी चतुराबाईला चिकटलेली, म्हणजे पुढेच असणार, असा हिशेब करून ती शेपटाची जागा सोडून भराभर पुढे निघाली.

पाणवठ्यापाशी सगळे टेकले. गुरुजींनी मुलं मोजली. एकोणचाळीस. पुन्हा मोजली. एकोणचाळीसच.

सत्यशीलाने मोजायची वाट पाहिली नव्हती. चतुराबाईच्या आसपास विशाखा नाही, हे तिला दिसलं होतं. "विशाखा!" ती ओरडली. गुरुजींनी शिट्टी फुंकली. मग एकोणचाळीस मुलांनी तीन नावांचा असा गलका केला की झाडावरचे सातभाई भर्रकन उडून गेले.

"गप!" चतुराबाईचा आवाज मोठा नव्हता, पण कडक होता. "समदे खाली बसा. तोंडं मिटा. गुरुजी, ती शिट्टी खिशात ठिवा."

"अहो, हाका मारायला नकोत का?"

"हाका मारल्या की डोंगर चारी बाजूंनी हाका देतोय. लेकरू उलटं पळंल. बसा."

सगळे बसले. सत्यशीला उभीच होती, तिला चतुराबाईने खांद्याला धरून खाली बसवलं. आधी नुसती धाप ऐकू येत होती. मग धापही विरली. रान आपलं आपल्यापाशी परत आलं. सातभाई परतले. कुठेतरी होला घुमला. चतुराबाई डोळे मिटून, मान तिरकी करून बसली होती. सत्यशीलाला वाटलं, माझी पोर हरवली आणि ही बाई पाखरं ऐकतेय.

खूप लांबून, उतरणीच्या बाजूने आवाज आला. टिटवी. एकदा, दोनदा, मग न थांबता.

"ओढ्याकडं हायेत," चतुराबाई उठली. "चालायलेत आजून. टिटवी डोक्यावर फिरत वरडायली, म्हंजी खाली मानूस चालतंय. बसलेलं आसतं तर एवढी वरडली नसती." ती गुरुजींकडे वळली. "लेकरांना हितून हलू देऊ नका. बाई, तुमी चला. पन मी सांगीन तवाच हाक द्या."

ओढा पुढे धरणाच्या पाण्याला मिळतो आणि तिथे काठाला गुडघाभर गाळ असतो, हे चतुराबाईने तेव्हा सांगितलं नाही. ती नुसती झपाझप चालू लागली. सत्यशीला मागे धावत होती. फाट्यावर चतुराबाई थबकली, जमीन पाहिली, मग झुडपात अडकलेलं डहाळं पाहिलं.

"हे कुनी उचललं?"

"मी," सत्यशीला म्हणाली. "काटे होते... मुलांच्या पायात जातील म्हणून."

चतुराबाईने डहाळं झुडपातून सोडवलं. "म्हंजी माझंच चुकलं. ही वाट बंद, आसं सांगाया पाह्यजे हुतं. आमच्या पोरींला सांगावं लागत न्हाई, म्हनून ध्यानात आलं न्हाई." आणि ती त्या वाटेने उतरू लागली.

थोडं पुढे वाटेवर एक बोराची आठुळी पडली होती, ओली. मग आणखी दोन. "खात खात चालल्यात भवान्या," चतुराबाई म्हणाली. "रडतं लेकरू बोरं खात न्हाई. फिकीर करू नका."

"तुम्हाला हे टिटवीचं कुणी शिकवलं?" सत्यशीलाने विचारलं. काहीतरी बोलल्याशिवाय तिला पाऊल टाकवत नव्हतं.

चतुराबाई न थांबता बोलली. "कोन शिकविनार? अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या वक्ताला आमच्या वस्तीवर मानसं चालून आली. मालक कामाला बाहेरगावी. मी दोन लेकरं घेऊन ह्या रानात शिरले. तीन दिवस हुते. धाकटी काखंत, तिला दूध बी पुरंना. कोन कुठून यायलंय ते दिसायचं न्हाई. टिटवी वरडली की समजायचं, त्या अंगाला मानूस हाय. मग दुसऱ्या अंगाला सरकायचं. टिटवीनं सांभाळलं बघा आमाला."

त्याच वर्षीच्या श्रावणात परभणीत, आपल्याही वस्तीवर लोक चालून येतील या धास्तीने दाराला आतून दोन कड्या लावून, सहा महिन्यांच्या विशाखाला उराशी धरून सत्यशीलाही महिनाभर नीट झोपली नव्हती. तिच्या हाताशी कड्या तरी होत्या. पिशवीत पाणी आणि हळद आणि बॅटरी भरणारा तिचा जीव तेव्हापासूनच असा झाला होता. आणि ही बाई, जिच्या डोक्यावर तेव्हा छप्परसुद्धा नव्हतं, ती त्याच रानात दहा वर्षं रोपं लावत होती आणि परक्यांच्या लेकरांना तरसाला नावं ठेवू नका म्हणत होती.

"मग पुन्हा इथंच कशाला राहिलात?" तिने विचारलं.

"कामून जाऊ? ह्यानं काय वाकडं केलंय माझं?"

तेवढ्यात टिटवी गप्प झाली. सत्यशीलाने चतुराबाईचं मनगट धरलं. चतुराबाईने कान दिला. "बसल्या," ती कुजबुजली. "आता सावकाश."

करवंदाच्या जाळीपलीकडे ओढ्याचा काठ होता. तिथे एका सपाट खडकावर तिघी पोरी ओळीने पालथ्या पडल्या होत्या. गाळ अजून बराच खाली होता. सत्यशीलाचं तोंड हाक मारायला उघडलं, आणि त्याच वेळी विशाखाने मागे वळून पाहिलं. पोरीने ओठांवर बोट ठेवलं. "आई, हळू."

खाली पाण्यात रोही उभ्या होत्या. निळसर करड्या अंगाचा एक मोठा नर, जवळ एक मादी. नराने मान उचलली. पाणी त्याच्या दाढीवरून निथळत होतं. सत्यशीलाच्या छातीत हाक अडकून बसली होती, पोरीला ओढून कुशीत घ्यायला हात शिवशिवत होते, आणि चतुराबाईचा खरखरीत तळवा तिच्या दंडावर होता. दाबत नव्हता, नुसता होता. सत्यशीला गुडघ्यांवर बसली. मग सरपटत खडकावर गेली आणि लेकीच्या शेजारी पालथी पडली. जनावरांनी पाणी पिऊन पलीकडचा काठ चढेपर्यंत कुणीही हललं नाही.

त्यानंतर मात्र तिने विशाखाच्या पाठीत एक धपाटा घातला आणि तिला इतकं घट्ट धरलं की पोरगी म्हणाली, "आई, बोरं चिरडायलीत खिशातली."

चौकीवर परतल्यावर दत्तराव गुरुजींचा जीव भांड्यात पडला आणि मग लगेच पारा चढला. चौकीत पाहुण्यांनी अभिप्राय लिहायची वही होती. ती त्यांनी पुढे ओढली. "हे साहेबांच्या कानावर घातलंच पाहिजे. अशिक्षित मजुराच्या भरवशावर बेचाळीस मुलं सोडायची म्हणजे काय?"

चतुराबाई दाराशी उभी होती. तिने झारी उचलली होती. रोजंदारीवरच्या बाईबद्दल वहीत काय लिहिलं की काय होतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"गुरुजी, पेन मला द्या," सत्यशीला म्हणाली. "चूक माझी आहे. वाटेवरच्या खुणा मी काढून टाकल्या आणि मागची जागाही मीच सोडली."

मुलांसमोर बाईंनी असं बोलावं, हे गुरुजींना रुचलं नाही, पण त्यांनी पेन दिलं.

तिने उभ्याउभ्याच पान भरलं. तीन मुली कशा मागे राहिल्या, कुणाच्या चुकीने, आणि चतुराबाईने त्यांना कसं शोधलं, सगळं. पुढच्या वर्षी हीच बाई वाट दाखवायला मिळावी, अशी विनंती केली आणि खाली सही केली.

"काय लिवलं?" चतुराबाईने विचारलं.

सत्यशीलाने सगळं वाचून दाखवलं. चतुराबाईने झारी खाली ठेवून, निवाडा ऐकावा तसं ऐकलं. ऐकून झाल्यावर तिच्या कपाळाला आठी पडली.

"एवढं खोडा बाई. दोन रोही पानी पीत हुत्या आसं लिवलंय. तीन हुत्या. तिसरी पळसाआड उभी हुती, गाभन. तुमचं ध्यान लेकीकडं हुतं."

सत्यशीलाने दोन खोडून तीन केलं.