आत्या आणि डोक्यासकटचा मासा

जयपुरातली मराठी माणसं ‘मासे’ हा शब्द आवाज खाली करून उच्चारतात. मंडळाच्या गणपतीत कोणी विचारलं की इथं सुरमई कुठे मिळते, तर सांगणारा आधी मागे वळून बघतो. आत्या मात्र तोच शब्द ऑफिसच्या लिफ्टमध्ये, बँकेच्या रांगेत आणि विद्याधर नगरच्या भाजीवाल्यासमोर सारख्याच खणखणीत आवाजात उच्चारायची. “चोरी करत नाही, जेवते,” असं तिचं म्हणणं.

ती माझी सख्खी आत्या नव्हे. मूळची वेंगुर्ल्याची, विमा कंपनीत अधिकारी, लग्न न केलेली, बदल्या होत होत इथवर आलेली. तिच्या भाड्याच्या फ्लॅटमधली एक खोली तिने मला दिली होती. मी शहरातल्याच झालाना भागातल्या एका संस्थेत काम करते, भाडेकरूंच्या हक्कांची पत्रकं लिहिते. पहिल्या दिवशी मी अहो-जाहो करायला लागले, तर म्हणाली, “गो बाय, ऑफिसात दिवसभर मॅडम आसतंय. घरात तरी आत्या म्हण.”

फ्लॅट देताना घरमालकाने अट घातली होती की घरात मांस-मच्छी शिजणार नाही. आत्याने ती मान्य केली आणि पाळली. अंडंसुद्धा नाही. मी एकदा सुचवलं, खिडक्या लावून सुका बांगडा भाजू, कोणाला कळणार आहे. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी तो विषय पुन्हा काढला नाही. शब्द दिलाय म्हणजे दिलाय, एवढंच म्हणाली. मला या असल्या अटींचा संताप येतो. भाडं भरणाऱ्याच्या कढईत काय पडावं हे ठरवणारे हे कोण? पण आत्याचं गणित सरळ होतं. घरात घरमालकाचं ऐकायचं, घराबाहेर जिभेचं.

म्हणून महिन्याच्या पहिल्या शनिवारी ती मला घेऊन सी-स्कीममधल्या एका नव्या थाय रेस्टॉरंटमध्ये जेवायला जायची. फिकट लाकडाची टेबलं, काचेपलीकडे उघडं स्वयंपाकघर, परातीएवढ्या ताटलीत मधोमध मूठभर अन्न, तसलं आजकालचं. मी कुरकुरायचे की ही पैसेवाल्यांची चैन आहे. आत्या म्हणायची, भाषण मग कर, आधी वास घे. तिथं कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत सुकी कोळंबी कुटून घालतात. ती पहिल्यांदा समोर आली तेव्हा आत्याने कुटलेली कोळंबी चिमटीत धरून नाकाशी नेली. मग हळूच म्हणाली, “सोडे. ह्या वाळवंटात, आणि सोडे.” त्या दिवशी तिने कोशिंबीर दोनदा मागवली आणि नारळाच्या रसातली हिरवी आमटी वाटी तिरपी करून संपवली.

तिथला वेटर दार्जिलिंगचा, पण या शहराची रीत शिकलेला. कोणीही बसलं की अदबीने विचारायचा, मॅम, फिश सॉस निकलवा दूँ? जैन भी हो जाएगा. आत्या त्याला सांगायची, “बेटा, निकालना मत. हो सके तो थोडा और डालना.” केळीच्या पानात वाफवलेला, लिंबू-मिरची-लसणीचा अख्खा मासा आला की ती चमचे बाजूला सारायची, बांगड्या कोपरापर्यंत सरकवायची आणि हाताने जेवायला लागायची. शेजारच्या टेबलावरचे बघायचे. बघेनात का. माशाचा काटा बोटांना कळतो, स्टीलला नाही, असं ती मला शिकवायची आणि डोक्यातला गालाचा मऊ तुकडा काढून माझ्या ताटलीत ठेवायची.

घोळ झाला तो फोटोमुळे. रेस्टॉरंटवाल्यांनी नेहमीच्या गिऱ्हाइकांचे फोटो इंटरनेटवर टाकायचं ठरवलं आणि आत्याला विचारलं. तिने पदर सारखा केला, डोक्यासकटचा मासा पुढ्यात ओढला आणि मोकळं हसली. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींच्या मुलीने तो पाहिला. संध्याकाळपर्यंत फोटो बिल्डिंगच्या ग्रुपवर, खाली हात जोडलेली, नाक दाबलेली चित्रं. रविवारी बैठक बोलावली. आत्याने माफी मागावी, बाहेरसुद्धा खाणार नाही असं कबूल करावं, नाहीतर महिनाअखेरीस घर सोडावं.

हे साधं नव्हतं. आत्याच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, ऑफिस जवळ होतं, गुडघे दुखत होते. एकटी बाई, उतारवयाची, मासे खाणारी. या तीन गोष्टी एका दमात सांगून जयपुरात घर मिळवून दाखवा, मग मला समजूतदारपणा शिकवा. मी रात्रीतून पत्रक लिहून काढलं. ‘पीडित ज्येष्ठ महिलेवर आहाराची हुकूमशाही’ वगैरे. आत्याने चष्मा लावून ते नीट वाचलं आणि ‘पीडित’वर बोट ठेवलं. “ही कोण? मी तर जेवत होतंय.” पत्रक वाटलं गेलं नाही.

बैठक पार्किंगमध्ये झाली, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. सेक्रेटरी बिल्डिंगच्या पावित्र्यावर बोलले, मुलांवरच्या संस्कारांवर बोलले. आत्या पाणी पीत ऐकत होती. मग घरमालक, तसा भला माणूस, खुर्ची ओढून तिच्याजवळ आला. त्याला असा शांत, वेळेवर भाडं देणारा भाडेकरू सोडवत नव्हता. त्याने तोडगा काढला होता. “बहनजी, बस इतना बोल दीजिए कि पनीर था. बात खतम. सब मान लेंगे.”

सगळे खरंच मानणार होते. मला दिसत होतं, माना हलायला लागल्या होत्या. एक शब्द, आणि घर राहणार. खरं सांगते, मीसुद्धा मनात म्हटलं, आत्या, बोलून टाक.

आत्याने फोन काढला, फोटो मोठा केला आणि घरमालकासमोर धरला. “भाईसाहब, पनीरला डोळे आसतत काय?” घाईत ती मराठी, हिंदी आणि मालवणी एकत्रच बोलली, पण समजलं सगळ्यांना. दुसऱ्या मजल्यावरच्या भाभीजी फसकन हसल्या आणि नवऱ्याने पाहिल्यावर पदराने तोंड पुसू लागल्या. आत्या उठली. आता ती ऑफिसातल्या चोख हिंदीत बोलली. “आपके घर में मैंने एक अंडा नहीं फोडा. जो वचन दिया, निभाया. पेट किराये पर नहीं दिया था.” आणि गुडघा धरत जिना चढून वर गेली.

पुढचे आठवडे घरं शोधण्यात गेले. आत्या फोनवर पहिलंच वाक्य टाकायची, मैं मछली खाती हूँ, घर में पकाऊँगी, बताइए. पलीकडून फोन ठेवले जायचे. मी म्हणायचे, निदान घर बघून तरी सांग. तिला ते पटायचं नाही. शेवटी चारदीवारीत, म्हणजे जुन्या शहरात, नगिने घासून पैलू पाडणाऱ्या एका कुटुंबाच्या वरच्या दोन खोल्या मिळाल्या. जिना उभा, गल्लीत रिक्षा येत नाही, ऑफिस लांब. घरवाल्या म्हाताऱ्याने एवढंच बजावलं की खवलं नीट कागदात बांधून टाका, गल्लीत मांजरं जमतात. आत्याने तिथेच हो म्हटलं. ती दोन वर्षं तो जिना चढली, आणि मग निवृत्त होऊन वेंगुर्ल्याला गेली.

पण जुना फ्लॅट सोडायच्या आदल्या शनिवारी तिने अख्ख्या बिल्डिंगला त्याच थाय रेस्टॉरंटमध्ये जेवायला बोलावलं होतं. दारोदार जाऊन, रीतसर. लांबलचक टेबल मांडून ठेवलेलं. आल्या फक्त भाभीजी. जन्मात अंडंही न शिवलेल्या. घरी काय सांगून आल्या, कोणी विचारलं नाही. आत्याने वेटरला बोलावून खडसावलं, इनका बर्तन अलग, तेल अलग, एक बूँद भी गयी तो मैं खुद अंदर आऊँगी. भाभीजींनी टोफू आणि भात खाल्ला, आत्याने मासा. एकाच टेबलावर, समोरासमोर. भाभीजींनी त्या माशाकडे बघून विचारलं, तकलीफ नहीं होती? आत्या म्हणाली, होती है, इसलिए फेंकती कुछ नहीं.

तो फोटोही इंटरनेटवर आला. यावेळी सेक्रेटरींनी भाभीजींना पार्किंगमध्ये गाठलं. मी उरलेलं सामान उतरवत होते, सगळं ऐकलं. त्यांनी समजुतीच्या सुरात विचारलं की तुम्हाला तर ठाऊक नसेल ना, टेबलावर काय होतं ते.

भाभीजींनी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“मालूम था. मछली थी. सिर के साथ.”

भाभीजींचा फ्लॅट स्वतःच्या मालकीचा आहे.