खरवस खाल्लेल्यांची रांग

आमच्या दवाखान्यातली मंडळी बदल्या होऊन केव्हाच पांगली. पण कुणाच्या पोराच्या लग्नात गाठ पडली, की अक्षता पडायच्या आत किस्से सुरू! त्यातले निम्मे तरी कुत्र्याच्या इंजेक्शनचे. नव्वदच्या दशकात ती पोटात घ्यावी लागायची. चौदा! आकडा ऐकूनच माणसं दारातून माघारी फिरायची. रोग एकदा उठला की माणूस हाती लागत नाही, हे मी घसा कोरडा करून सांगायचे. उत्तर ठरलेलं, "सिस्टर, उगा भ्या दाखवू नका!"

*

एक गुरुजी आले. पोटरीला कुत्रं चावलेलं आणि जखम लालभडक. मी विचारलं, "काय लावलंत?"

"मिरचीपूड, चुना अन् वरून थोडं तेल."

डॉक्टर म्हणाले, "फोडणी तेवढी राहिली की!"

आम्ही हसलो, पण मी लगेच साबण-पाण्यानं जखम धुवायला घेतली. दोन दिवस वाया गेले होते. आणि लसीच्या घोषणा गावच्या भिंतींवर रंगवल्या होत्या त्या याच गुरुजींनी!

*

आळे गावचा एक पैलवान आमच्याकडं सासुरवाडीला आला आणि तिथल्याच कुत्र्यानं त्याला धरलं. तिसऱ्या सुईनंतर गडी गायब! दुसऱ्या दिवशी बायकोनं त्याला मनगटाला धरून आणलं.

तो म्हणाला, "लई दुखतंय, सिस्टर. आता बास."

बायको सगळ्यांसमोर कडाडली, "पळा तुमी खुशाल! कपाळ माझं पांढरं व्हईल, तुमचं न्हाई!"

पैलवान मुकाट आडवा झाला. चौदाव्या सुईपर्यंत ती बाहेरच्या बाकावर बसून असायची.

*

पोलिओचे थेंब घेऊन डिंभ्याकडच्या एका वाडीत गेलो होतो. सखूबाई नावाची म्हातारी दारात आडवी उभी. "घरात ल्हान पोर न्हाईच."

तेवढ्यात आतल्या कणगीत कुणीतरी शिंकलं.

"उंदीर लई माजल्यात," सखूबाई म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, "मग उंदरालाच पाजतो दोन थेंब!"

तिनं दार लावून घेतलं. मला असा राग आला होता म्हणता!

*

आणि महिन्याभरात तीच सखूबाई आमच्या दारात! सोबत टेम्पो भरून अख्खी वाडी.

झालं होतं असं. वाडीतल्या भिकूची म्हैस व्यायली. रिवाजाप्रमाणे घरोघर खरवस गेला. आठवड्यात म्हैस लाळ गाळायला लागली, दाव्याला हिसके देऊन मेली. गुरांचे डॉक्टर म्हणाले, पिसाळलेली होती.

"आमाला समद्यांना सुया द्या!" सखूबाई ओरडत होती. कणगीतला उंदीर तिच्या कडेवर होता.

डॉक्टर समजावून थकले. "खरवस शिजवलेला होता. तुम्हाला काही होत नाही!"

"तुमी खाल्लाय का? मग?"

कुणीतरी दार ढकललं. पाठीमागच्या फ्रिजमध्ये जेमतेम दोघांपुरती लस होती, पुढची उद्या यायची. मी फ्रिजला पाठ लावून उभी राहिले. 

डॉक्टरांनी आवाज चढवला. "म्हैस कुणाला चावली का? एवढंच सांगा!"

कुणालाच नाही.

भिकू फाटकापाशी मान खाली घालून उभा होता. त्याच्याच म्हशीचा खरवस, म्हणून रांगेत यायचं त्याला तोंड नव्हतं. त्याच्या पंजाला फडकं गुंडाळलेलं दिसलं, तशी मी हाक मारली. "भिकूभाऊ, हाताला काय झालं?"

"काय न्हाई. ती चारा गिळंना, नुसती लाळ. वाटलं, घशात कायतरी अडाकलंय. म्हणून मीच हात घातला व्हता. तिचं दात लागलं जरा."

दार ढकलणारे हात खाली आले. सखूबाईनं नातवाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि बाजूला सरली. "सरका रं! भिकूला फुडं येऊ द्या."

भिकू जागचा हलला नाही.

"मला मागनं द्या, सिस्टर. आधी हिला. माजा पंजा रुंद, घशापातुर जाईना. ल्हान हात पायजे व्हता."

त्याच्या मागं उभ्या असलेल्या बायकोनं पदराखालून उजवा हात काढला. डाव्या हातात चुडा होता. उजव्यात एकही बांगडी नव्हती.