होडीच्या दुरुस्तीबाबत

मी होडीत पाय ठेवला की बाकीचे सगळे पाय वर उचलले जायचे.

होडीच्या तळाला कायम पाणी साठलेलं. फळ्यांच्या फटींतून ते सारखं आत यायचं. मी त्यात उतरले की ते पाणी बाटलं. मग माणसं फळीवर मांडी घालायची, बायका लुगड्याचे घोळ गोळा करून घ्यायच्या, पोरं गुडघे पोटाशी धरायची. आणि नामातात्या नावाडी माझ्याकडे न बघता म्हणायचा, "डबा घे."

रॉकेलचा अर्धा कापलेला डबा होता. त्याची कड हाताला लागायची. त्या डब्यानं मी पाणी उपसायचं आणि बाहेर टाकायचं, पार पलीकडचा काठ येईपर्यंत. फळीला हात लागता कामा नये. थेंब कुणाच्या अंगावर उडता कामा नये. उडालाच तर शिवी माझ्या आईवरून.

मुळशीच्या धरणानं आजाच्या काळात खालची जमीन गिळली. गाव वर सरकलं, त्याच्यामागे आमचा महारवाडाही सरकला. शाळा पाण्याच्या पलीकडे राहिली. होडी सरकारी होती. कुणालाही बसता येईल असं कुठंतरी कागदावर असणारच. पण आमच्यातला एकच माणूस घ्यायचे, तोही उपसायला. मी सहावीत होते आणि महारवाड्यातून शाळेत जाणारी एकटीच होते, म्हणून सकाळची ती जागा माझी होती.

शाळेत पोचेपर्यंत परकर भिजून मागून चिकटलेला असायचा. मी दाराशी बसायचे. सारवलेल्या जमिनीवर माझ्या बुडाचा ओला ठसा उमटायचा. मधली सुट्टी झाली तरी मी उठत नसे. आधी तो ठसा वाळू दे, मग उठू. तहान लागली तरी तशीच. सगळ्या होडीनं पाय वर घेतले त्यापेक्षा मला त्या ठशाची लाज जास्त वाटायची. आता याच गोष्टीची लाज वाटते, की तेव्हा मी चुकीच्या गोष्टीला लाजत होते.

गुरुजी पुण्याचे. मऊ बोलणारे. त्यांनी मला कधी छडी मारली नाही, कारण छडी माझ्या अंगाला लागली की बाटते. हे मला फार उशिरा कळलं.

एक दिवस त्यांनी फळ्यावर पत्राचा नमुना काढला. वर्तमानपत्राच्या संपादकांना पत्र. वर उजव्या हाताला गावाचं नाव, त्याखाली तारीख. डाव्या हाताला, 'माननीय संपादक यांस'. मग विषय. मग 'महाशय'. मजकूर थोडक्यात. शेवटी 'आपला विश्वासू' आणि सही.

"आणि एक लक्षात ठेवा," गुरुजी म्हणाले. "संपादकांपुढे आपलं रडगाणं गायचं नसतं. सार्वजनिक हिताचं तेवढं लिहायचं. 'मी' हा शब्द पत्रात जितका कमी येईल, तितकं पत्र चांगलं."

विषय दिला, होडीच्या दुरुस्तीबाबत.

मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं होतं. होडीच्या फळ्या कुजल्या आहेत, पाणी आत येते, एखाद्या दिवशी अपघात होईल, असं सगळं लिहिलं. आणि पुढे लिहिलं, 'प्रवाशांना सतत पाणी उपसावे लागते.'

प्रवाशांना. मला नाही. वाक्य लिहिताना हात थांबला होता. पण गुरुजींनी सांगितलं होतं, 'मी' नको. मी स्वतःला त्या वाक्यातून काढलं आणि त्यात फळीवर मांडी घालून बसलेल्यांना घातलं. जणू पाटलीणबाईच डबा घेऊन वाकल्या होत्या.

गुरुजींनी ते पत्र वर्गात वाचून दाखवलं. "किती सभ्य पत्र आहे बघा," म्हणाले. माझे कान गरम झाले. मागून एक पोरगा म्हणाला, "गुरुजी, पानी तर हीच उपसतीय."

वर्ग हसला. पाटलांची शालन माझ्याच वर्गात होती. तीही हसली.

"ते असू दे," गुरुजी म्हणाले. "पत्रात तसं लिहायचं नसतं."

मला तेव्हा त्यांचा रागसुद्धा आला नाही. उलट वाटलं, गुरुजींनी झाकून घेतलं.

पत्र खरोखर पाठवायचं ठरलं. गुरुजींनी मला शाळा सुटल्यावर थांबवलं आणि चांगल्या कागदावर पुन्हा लिहून काढायला सांगितलं. सहीच्या जागी आले तेव्हा म्हणाले, "तुझ्या नावानं वजन पडायचं नाही. पाटलांची सही घेऊ." मी 'आपली विश्वासू' लिहिलं होतं. त्यांनी 'आपला' करायला लावलं. मी केलं. दुसऱ्या दिवशी पाटलांनी पत्र न वाचताच सही केली.

आणि ते छापून आलं. गुरुजींनी पेपर दाखवला. माझी वाक्यं, खाली पाटलांचं नाव. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. चोरून झालेला आनंद. घरी जाऊन बाला म्हणाले, "बा, म्या लिवलेलं पेपरात आलं." आणि पाठ झालेलं पत्र धडाधडा म्हणून दाखवलं.

बा विळ्याला धार लावत होता. हात थांबला त्याचा.

"म्हंजी होडी नीट करनार?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"पोरी, होडी गळतीया म्हून तर तुला घेत्यात. गळायची थांबली तर कोन बसवून घील तुला?"

मला हे सुचलंच नव्हतं. पत्राचा नमुना पाठ होता, विषय पाठ होता, पण ते पत्र कुणाचं नुकसान करील हे मला सुचलं नव्हतं.

"आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतलास," बा म्हणाला आणि पुन्हा विळा घासायला लागला. आई चुलीपाशी होती. तिनं लाकूड आत सारलं.

संक्रांतीनंतर सुतार आले. कुजक्या फळ्या काढल्या, नव्या ठोकल्या, फटी बुजवून तळाला डांबर फासलं. होडी दोनचार दिवस काठावर पालथी होती. पोरं तिच्यावर चढून खेळत होती. मग ती पाण्यात सोडली.

त्या सकाळी मी दप्तर घेऊन काठावर गेले. सगळे बसले होते. होडीचा तळ कोरडा ठणठणीत. सगळ्यांचे पाय खाली सोडलेले. आरामात, पसरून. एवढे पाय मी त्या होडीच्या तळाला पहिल्यांदाच बघत होते.

मी पुढे झाले तसा नामातात्यानं वल्हं आडवं धरलं.

"पानी न्हाई आता," तो म्हणाला. "तुजं काय काम?"

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. त्यांना ते साधं, सरळ वाटलं. शालन पाण्याकडे बघत होती. होडी निघाली. मी काठावर उभी. आणि मनात काय आलं ते सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय हे लिहिण्याला अर्थ नाही. मनात आलं, एखादी फळी फुटू दे. थोडं तरी पाणी येऊ दे. मला डबा परत मिळू दे.

याच्याइतकी लाज मला आयुष्यात कशाची वाटलेली नाही.

मग मी काठाकाठानं चालत शाळेला जायला लागले. पाण्याच्या सगळ्या फाट्यांना वळसे घालत, काट्याकुट्यातून. पोचायचे तेव्हा प्रार्थना होऊन पहिला तास संपत आलेला असायचा. एक दिवस गुरुजींना गाठलं आणि झालेलं सांगितलं. म्हटलं, "गुरुजी, अजून एक पत्र लिहू का?"

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. वाईटही वाटलं असावं. मग त्याच मऊ आवाजात म्हणाले, "हे तुझं वैयक्तिक गाऱ्हाणं झालं, बाळ. वर्तमानपत्र सार्वजनिक हितासाठी असतं. होडी आता सगळ्यांसाठी चांगली झाली ना?"

मी म्हणाले, "हो, गुरुजी."

सगळ्यांसाठी. वाटेनं परतताना तो शब्द मी चघळत होते. होडी सगळ्यांची. त्या सगळ्यांत मी नव्हते. माझं दुःख वैयक्तिक, आणि पाटलांचे पाय भिजतात ते सार्वजनिक. एवढा साधा हिशेब. पण मी मान खाली घालून 'हो' म्हणून आले होते.

जूनमध्ये सातवी सुरू झाली. मुळशीचा पाऊस म्हणजे आकाश फाटतं. उघड्या होडीत वरून पाणी साठायला लागलं. डांबर वरच्या पाण्याला काय करणार? एका सकाळी मी इरलं पांघरून काठाच्या वाटेला लागले होते, तर मागून हाक आली.

"ए पोरी," नामातात्या ओरडत होता. "ये हिकडं. डबा घे."

मी थांबले. ओढे भरून चालले होते, दोन दिवस मला शाळेला जाता आलं नव्हतं. होडीत गेले तर कोरडी नाही, पण वेळेवर पोचणार होते. मनात जे मागितलं होतं तेच समोर आलं होतं. मी काठाशी गेले. डबा तोच होता, गंजलेला. होडीत सगळ्यांनी पाय वर घ्यायला सुरुवात केली. अजून मी उतरलेही नव्हते. नुसती येताना दिसले तर पाय वर.

ते पाय बघितले आणि मी डब्याला हात लावला नाही.

"फळीवं बसवा, तर येते," मी म्हणाले. "उपसायचं तर समद्यांनी पाळी पाळीनं उपसा. मी बी उपसंन."

रडू येत होतं. गोष्टीत असतं तसं त्वेषानं वगैरे काही नव्हतं.

पाटील होडीतच होते. ते म्हणाले, "लई शिकली. माजली."

"मग जा तंगडतोड करत," नामातात्या म्हणाला.

मी गेले. वळून बघितलं नाही. पण थोडं पुढे गेल्यावर मागून आवाज आला, डबा तळाला घासल्याचा. तो आवाज मला चांगला ठाऊक होता. त्यांच्यातलं कुणीतरी पाण्यात उतरलं होतं.

त्या वर्षी पाटलांनी बाला आणि आईला भातलावणीला बोलावलं नाही. बा माझ्याशी कितीतरी दिवस बोलला नाही. घरात नाचणीचं पीठही मोजून निघायला लागलं. शाळा सोड असं मात्र तो म्हणाला नाही. आई एकदाच बोलली. "म्या बी उपसलंय त्या होडीत," ती म्हणाली. "तू पोटात हुतीस तवा. कुनाला सांगितलं न्हाई." एवढं बोलून ती लाकडं आणायला निघून गेली.

ओढ्यांमुळे खाडे फार झाले. मी त्या वर्षी नापास झाले. दुसऱ्या वर्षी पास झाले, तेही चालतच.

आई हे बोलली त्याच आठवड्यात मी संपादकांना पत्र लिहिलं, होडीत पाणी कोण उपसतं ते सांगणारं. पौडाच्या बाजाराला गेले तेव्हा स्वतः पेटीत टाकलं. ते छापलं नाही. पुन्हा लिहिलं. तेही छापलं नाही. गुरुजींना कुठून तरी कळलं तेव्हा म्हणाले, "गावाची अब्रू वेशीवर टांगलीस." मी या वेळी 'हो, गुरुजी' म्हणाले नाही.

त्याला आता बरीच वर्षं झाली. बा गेला. परवा धाकट्या भावाची पोरगी शाळेतून आली. तिचा परकर गुडघ्यापर्यंत ओला होता. तळहातावर डब्याच्या कडेचा ओरखडा होता. मी कागद घेतला.

नमुना गुरुजींनी शिकवला तोच आहे. वर उजव्या हाताला गावाचं नाव, त्याखाली तारीख. माननीय संपादक यांस. विषय, होडीच्या दुरुस्तीबाबत. होय, दुरुस्तीबाबतच, कारण मोडलंय ते अजून दुरुस्त झालेलं नाही. महाशय.

आणि मजकुराचा पहिला शब्द, मी.

मी पाणी उपसलं. माझ्या आईनं उपसलं. कुणी उपसून घेतलं त्यांची नावं लिहिते आहे, एकही गाळणार नाही. खाली 'आपली विश्वासू' लिहिणार नाही. नुसती सही करणार, माझ्या नावाची. छापलं नाही तर पुन्हा लिहीन. आणि उद्या सकाळी पोरीबरोबर काठावर मी जाणार आहे. आम्ही दोघी फळीवर बसणार आहोत. डबा ज्याला हवा त्यानं घ्यावा.