बांधणीवाली आणि तिची मावसबहीण

सरकारी कचेरीच्या मागच्या गल्लीत, दोन दुकानांच्या मध्ये कोंबून बसवल्यासारखी एक खोली आहे. तिथे बांधणीवाली बसते. जन्म, लग्न, मृत्यू, या सगळ्या नोंदींचे वर्षभराचे सुटे कागद जानेवारीत गठ्ठ्यांनी तिच्याकडे येतात. ती ते क्रमाने लावते, दाभणाने भोकं पाडते, मेण लावलेल्या दोऱ्याने शिवते आणि वर पुठ्ठा चढवते. एकतीस वर्षं हेच चाललंय. शहरातल्या झाडून सगळ्या नवराबायकांना हिनेच एका दोऱ्यात ओवलंय, असं बाई म्हणायच्या आणि स्वतःच्याच विनोदावर हसायच्या.

बाई म्हणजे शाळेतल्या गणिताच्या बाई. बावीस वर्षं दोघी एका घरात राहिल्या. आडपडदा कशाला ठेवायचा, तो संसार होता, आणि वाजतगाजत लावून दिलेल्या कितीतरी संसारांपेक्षा बरा होता. बांधणीवालीच्या नाकाच्या शेंड्यावर राग. बाई मात्र थंडगार. भांडण झालं की त्या कागद पुढे सरकवायच्या आणि चूक कुणाची ते पायऱ्यांसकट लिही म्हणायच्या. मग कसला राग टिकतोय!

घर भाड्याने घेताना मालकाने विचारलं होतं, तुम्ही एकमेकींच्या कोण? बांधणीवालीच्या तोंडून पटकन निघून गेलं, मावसबहिणी. पुढे तेच शेजाऱ्यांना सांगितलं, तेच शाळेत, तेच दूधवाल्याला. एकदा कायदा बदलणार अशी हवा उठली, दोन बायकांनाही लग्न लावता येणार म्हणे. दोघी ठेवणीतले कपडे घालून कचेरीत गेल्या खऱ्या, पण खिडकीपाशी पोचल्यावर धीर सुटला. ओळखीतल्या दोघींसाठी विचारतोय, असं सांगितलं. कारकून वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "फॉर्मात रकाने दोनच आहेत, वर आणि वधू. वरून नवीन फॉर्म आला की देतो." फॉर्म काही आला नाही. कोर्टाने हा आमचा प्रांत नाही म्हणून हात वर केले, सरकारने कानांवर हात ठेवले. बाई म्हणाल्या, मरायच्या आत होईल गं. बाईंचं गणित एवढं एकच चुकलं.

एके दुपारी फळ्यासमोरच बाईंना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. इस्पितळात बांधणीवालीने नात्याच्या जागी लिहिलं, मावसबहीण. चार दिवस ती उशाशी बसून होती. बाई डाव्या हाताने तिचं बोट घट्ट धरून ठेवायच्या. पाचव्या दिवशी धाकटा भाऊ उगवला. अठरा वर्षांत ज्याने साधं पत्र टाकलं नव्हतं, तो! त्याने कागद वाचला आणि डॉक्टरांसमोर शांतपणे म्हणाला, "आमच्या आईला बहीणच नव्हती. या बाई कोण आहेत?"

खरं सांगावं तर त्याला कागद नाही, आणि कागदावर होतं ते खोटं. इतक्या वर्षांत कुणाची आई कुणाची मावशी, हे पक्कं करायचं दोघींपैकी एकीलाही सुचलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, नातेवाईक तेवढे थांबा. भावाने बाईंची मूठ सोडवली, एकेक बोट करून. बाईंच्या घशातून कसलासा आवाज आला. पण आवाजावरून नातं ठरत नाही.

भावाने बाईंना आपल्या घरी नेलं, शहराच्या दुसऱ्या टोकाला. बांधणीवाली गेली, तर फाटकातूनच वाटेला लावली. तिने हाय खाल्ली नाही. दर रविवारी ती मऊ शिजवलेल्या जेवणाचा डबा घेऊन फाटकाशी उभी राहू लागली. भावजय येई, नजर न उचलता डबा घेई, झोपल्यात म्हणे, आणि आधीचा डबा घासूनपुसून परत देई. डबा रिकामा येतोय म्हणजे खातेय, खातेय म्हणजे आहे. तेवढ्यावर हिने रविवार ते रविवार दिवस काढले. एक ना एक दिवस ते फाटक उघडेल आणि बाई दिसतील, याखेरीज तिला काही नको होतं.

बांधणीच्या धंद्यात एक शिस्त असते. कागद वाचायचा नाही, कोपऱ्यातला आकडा तेवढा बघायचा. तिच्या वस्तादाने पहिल्याच दिवशी कान पिळून शिकवलेलं. पण त्या जानेवारीत मृत्यूचा गठ्ठा आला आणि तिने शिस्त मोडली. भाऊ काही कळवायला येणार नव्हता, ते ती ओळखून होती. एकेक नाव वाचलं. बाई नव्हत्या. तिने रडून घेतलं आणि गठ्ठा शिवला.

पुढच्या जानेवारीत तिने निव्वळ सवयीने वाचायला घेतलं. आदल्याच रविवारी तर डबा रिकामा आला होता.

पान तीनशे बारा. बाईंचं पूर्ण नाव. तारीख ऑक्टोबरातली. वैवाहिक स्थिती, अविवाहित. खबर देणारा, भाऊ.

बारा रविवार होऊन गेले होते. बारा रविवार तिने मीठ कमी घालून, घास गिळता यावा म्हणून कुस्करून डबा नेला होता. कुणीतरी तो खाल्ला होता नाहीतर ओतून दिला होता, आणि न चुकता घासून परत केला होता. ती संतापली असती तर बरं झालं असतं. तिला आठवलं ते एवढंच, की शेवटी शेवटी ती डब्यात खीर देऊ लागली होती, बाईंना आवडायची म्हणून.

पान फाडता आलं असतं, पण फाडून काय मिळणार होतं? तिने ते आकड्याप्रमाणे जागेवर लावलं आणि दोरा दुहेरी घेतला.

चार दिवसांनी तोच कारकून वही न्यायला आला. त्याने पानं चाळली. तीनशे बारापाशी वही नीट उघडेना, शिवण इतकी आवळलेली. त्याने नाव वाचलं, हिच्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "ओळखीतलं कोणी होतं का?"

बांधणीवालीने कात्री खाली ठेवली. या वेळी खोडून काढायला कोणी येणार नव्हतं. खरं सांगायला एवढा भला माणूस पुन्हा भेटला नसता.

"मावसबहीण," ती म्हणाली.