वर्षभराचं टोकन

लॅबमध्ये त्यांना सगळे कुलूपबाई म्हणत. रक्त-लघवीच्या तपासण्यांचे रिपोर्ट रुग्णांना घरबसल्या वेबसाइटवर दिसत आणि त्या वेबसाइटचं लॉगिन बाईंनी एकहाती बांधलं होतं. बाई अंगाने किरकोळ. आवाज इतका हळू की समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागे. पण एखादी गोष्ट मनात धरली की सोडत नसत. शाळेत जिने त्यांची कंपासपेटी लपवली होती, तिच्याशी चाळिशी उलटली तरी त्या बोलत नव्हत्या.

नव्याने कामाला आलेल्या मुलींना त्या लॉगिन समजावून सांगत, तेव्हा मात्र रंगून जात.

"दारावर नाव आणि पासवर्ड एकदाच विचारायचा. पासवर्ड आपण जसाच्या तसा ठेवत नाही, त्याचा भुगा करून ठेवतो. भुग्यापासून पासवर्ड परत होत नाही. पण आलेल्याच्या पासवर्डचाही तसाच भुगा पडला, की माणूस खरा. मग त्याच्या हातात टोकन द्यायचं. त्यावर लिहिलेलं असतं, तू कोण, टोकन कधी दिलं, कधीपर्यंत चालेल. खाली आपला शिक्का. आतल्या खोल्यांचे रखवालदार फक्त शिक्का आणि मुदत बघतात. दारावर विचारायला जात नाहीत."

"आणि कुणी मुदत खोडून वाढवली तर?"

"शिक्क्याचा ठसा त्या मजकुरावरूनच उमटतो. एक अक्षर हललं तरी जुळत नाही. आणि शिक्काच बदलला, तर आधीची सगळी टोकनं बाद."

"मग धोका कसला?"

"रखवालदार दारावर विचारत नाही, हाच. माणसाला कामावरून काढलं, दारावरच्या वहीतून त्याचं नाव खोडलं, तरी हातातलं टोकन मुदत संपेपर्यंत चालतं. म्हणून मुदत पंधरा मिनिटांची. संपली की वही बघून नवं द्यायचं, नाव नसेल तर वाटेला लावायचं."

सॉफ्टवेअरच्या खोलीचे प्रमुख, ज्यांना सगळे साहेब म्हणत, त्यांना ही पंधरा मिनिटं सलत होती. बाहेरच्या लोकांना वेबसाइट दाखवताना त्यांच्या पडद्यावर मध्येच लॉगिनचं पान आलं आणि चारचौघांत पासवर्ड दोनदा चुकला. त्यांनी मुदत केली एक वर्ष.

"साहेब, हे बरं नाही," बाई म्हणाल्या.

"बाई, कुलूप तुम्ही करा. दार किती वेळ उघडं ठेवायचं, ते मी बघतो."

त्या खोलीची एक गंमत होती. साऱ्या जगाला स्वतंत्र लॉगिन वाटणारी ही माणसं सेटिंग बदलायला स्वतः मात्र एकच सामाईक खातं वापरत. पासवर्ड कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला. त्यामुळे मुदत बदलल्याची नोंद राहिली, कुणी बदलली त्याची नाही.

मग एका तंत्रज्ञाने नोकरी सोडली. त्याच्या मोबाइलमध्ये टोकन जिवंत होतं. घरी बसून त्याने आपल्या गल्लीतल्या बस-ड्रायव्हरचा रिपोर्ट उघडला आणि आजाराची बातमी गल्लीभर केली. ड्रायव्हरची बायको लॅबमध्ये येऊन काउंटरपाशी नुसती उभी राहिली.

लॅबच्या मालकीण डॉक्टरबाई. त्यांनी सगळ्यांना जमवून विचारलं, वर्षाची मुदत कुणी केली? साहेबांनी बोट दाखवलं. "लॉगिन बाईंचं आहे. मी तर त्यांना कितीदा सांगितलं." तेवढ्यावर न थांबता त्यांनी डॉक्टरबाईंना सहीनिशी लिहून दिलं, की बाईंची चूक मी आजच निस्तरली आहे, मुदत पंधरा मिनिटांवर आणली आहे आणि शिक्का बदलून जुनी सगळी टोकनं रद्द केली आहेत. पत्राची प्रत बाईंना मिळाली, नोकरी गेल्याच्या कागदाला टाचलेली. काउंटरवर त्यांची धाकटी बहीण नोकरीला होती. बाई बाहेर पडल्या, तेव्हा तिने मान वर केली नाही.

पुढचे आठ महिने बाई घरी बसून छोट्या दुकानांच्या वेबसाइटी करत होत्या आणि साहेबांचा सूड घेत होत्या, अर्थात मनातल्या मनात. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना त्या त्यांना भर सभेत उभं करत, कान धरायला लावत. एकदा कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या तेच कळलं नाही, कारण साहेब नेमके माफी मागत होते. जुन्या ओळखीची माणसं रस्त्यात भेटली, की "तो रिपोर्टचा घोटाळा तुमचाच ना?" असं हसत विचारत. त्या हसण्याचा हिशेब बाईंना एकाच माणसाकडून हवा होता.

एका सुट्टीच्या दुपारी धाकटी भरतकामाचा नमुना उतरवून घ्यायला आली. तिला मोठा पडदा हवा होता, म्हणून बाईंनी कपाटातला जुना टॅबलेट चार्ज करून दिला. थोड्या वेळाने धाकटी म्हणाली, "ताई, हे आमच्या लॅबचं पान कसं गं उघडलं? पासवर्ड न मागता?"

बाईंनी टॅबलेट हातात घेतला. पानाच्या कोपऱ्यात त्यांचं स्वतःचं नाव होतं. खाली रुग्णांची यादी, आजच्या तारखेची.

आपलं खातं बंद झालेलं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी टॅबलेटमध्ये साठलेलं टोकन शोधून वाचलं. नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात मिळालेलं. मुदत एक वर्ष. शिक्का जुनाच, आणि चालू. शिक्का बदलला असता, तर हे त्याच दिवशी मेलं असतं. साहेबांनी मुदत आणली असेल पंधरा मिनिटांवर, पण ती पुढच्या टोकनांची. शिक्क्याला त्यांनी हातच लावला नव्हता.

"साहेबांचा रिपोर्ट आहे बघ यात," धाकटी यादीवरून बोट फिरवत म्हणाली. "गेल्याच आठवड्यात रक्त दिलंय. एक आकडा बदल. बसू दे महिनाभर कारलं खात."

बाईंचं बोट खरंच त्या नावापाशी गेलं. मोह खोटा नव्हता. साखरेच्या आकड्याला एक शून्य जास्त, आणि माणूस घाबरून अर्धा झाला असता.

"नको," त्या म्हणाल्या. "मग त्यांनी सांगितलं तेच खरं होईल. आणि मला त्यांना आजारी नाही पाडायचं. मला त्यांना खोटं पाडायचंय."

"तू म्हणजे अशी आहेस ना ताई. मी असते तर दोन्ही केलं असतं."

"तू त्या दिवशी मान तरी वर करायची होतीस."

धाकटीने नमुन्याचा कागद गुंडाळला. मग म्हणाली, "उद्या अकराला ये. डॉक्टरबाई तेव्हा मोकळ्या असतात. मी आत निरोप देते, सगळ्यांच्या देखत."

दुसऱ्या दिवशी अकराला बाईंनी टॅबलेट डॉक्टरबाईंपुढे ठेवला. शेजारी साहेबांचं पत्र. "यातला एकही रिपोर्ट मी उघडलेला नाही. वाटल्यास नोंदी तपासा. फक्त वरचं नाव बघा आणि पत्रातलं शेवटचं वाक्य वाचा."

डॉक्टरबाईंनी दोन्ही पाहिलं आणि साहेबांना बोलावलं.

"असेल एखादं राहिलेलं," साहेब म्हणाले.

"एखादं राहत नाही," बाई म्हणाल्या. "शिक्का बदलला तर सगळी जातात. नाहीतर सगळी राहतात."

"म्हणजे त्या तंत्रज्ञाचं अजून चालतंय?" डॉक्टरबाईंनी विचारलं. "साहेब, शिक्का बदला. माझ्यासमोर, आत्ता."

साहेब कॉम्प्युटरपुढे बसले. एक खिडकी उघडली, मिटली, दुसरी उघडली. बाईंनी मांडीवर हात जुळवले. आठ महिने ज्याची वाट पाहिली तो क्षण समोर बसून घाम पुसत होता आणि त्यांना कसलीच घाई नव्हती. त्यांनी पाणी मागितलं, सावकाश प्यायल्या. शेवटी साहेब मागे न बघता म्हणाले, "बाई, ते कुठे असतं?"

"आठ महिन्यांपूर्वी तुम्ही बदललंत ना? तिथेच."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं.

"सांगा ना," साहेब म्हणाले. आवाज आता बाईंसारखाच हळू झाला होता.

"सांगते. आधी दोन ओळी लिहून द्या. शिक्का बदलला नव्हता, ही एक. वर्षाची मुदत कुणी केली होती, ही दुसरी."

साहेबांनी डॉक्टरबाईंकडे पाहिलं. "मीही वाट बघतेय," त्या म्हणाल्या. साहेबांनी लिहिलं. बाईंनी कागद वाचला, तारीख घालायला लावली, मग उठून शिक्का बदलला. पुरतं मिनिटही लागलं नाही. बाहेर लॅबभर लॉगिनची पानं उगवली आणि जुन्या टोकनांवर आठ महिने काढलेल्यांना पासवर्ड आठवेना म्हणून गलका झाला.

"परत कामावर या," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"ते नंतर बघू. मला ज्यांच्यासमोर काढलं, त्यांच्यासमोर हा कागद वाचला जावा. ज्यांनी लिहिलाय त्यांनीच वाचावा. आणि त्या ड्रायव्हरच्या बायकोला एक प्रत जावी."

जेवणाच्या सुट्टीआधी सगळे काउंटरपाशी जमले. धाकटी पहिल्या रांगेत, मान ताठ. साहेबांनी कागद चेहऱ्याजवळ धरला आणि दोन ओळी एका दमात म्हणून टाकल्या. कागदाची घडी घालू लागले.

बाईंनी हात जरासा वर केला.

"मागे ऐकू गेलं नसेल," त्या म्हणाल्या. "दुसरी ओळ पुन्हा वाचा. सावकाश."