थ्रासोस आणि पोलिक्सेनीचा दिवा

थ्रासिवुलोसला कम्युनिस्ट पक्षाने दोनदा काढलं, पण तो स्वतः एकदाही बाहेर पडला नाही. एवढ्यावरून माणूस कळावा. आमच्या कोकिनिया या कामगार वस्तीत सगळे त्याला थ्रासोस म्हणतात. चौतीस वर्षं वीज कंपनीत तारजोडणी केली, निवृत्त झाला, पेन्शन तीनदा कापली गेली. मुलगी कामासाठी जर्मनीत गेली, आणि तिची बाळं सांभाळायला बायकोही गेली. हा मात्र इथेच राहिला, कारण बुधवारी सभा असते.

एकोणिसाव्या वर्षी, सेनाधिकाऱ्यांच्या राजवटीत, त्याला लेरोस बेटावर दोन वर्षं डांबलं होतं. तिथे एक सिगारेट कोणी कधी ओढायची हेसुद्धा सगळे मिळून ठरवत. थ्रासोस ती शिस्त घरी घेऊन आला आणि अजून खाली ठेवायला तयार नाही. मी तिनोस बेटावरची, कॅथलिक, नन्सच्या शाळेत वाढलेली. शिस्त मलाही कळते. पण आमच्या शाळेत निदान घंटा व्हायची.

बंद पडलेल्या चपलांच्या दुकानात आमची सभा भरते. देशावर आर्थिक संकट आलं तेव्हा सुरू केली: दलालांशिवाय बटाटे आणायचे, उरलेली औषधं गोळा करायची, कोणाची वीज तोडली तर परत जोडायची. सरकारने घरपट्टीसारखा नवा कर वीजबिलातच घातला होता. तो भरला नाही की अंधार. सभेत अध्यक्ष नसतो. मतदान नसतं. एकाचाही विरोध असेल तर निर्णय नाही. इतिवृत्त लिहायला मात्र कोणी तयार नव्हतं, म्हणून ते माझ्याकडे आलं. नवरा गेल्यापासून माझी स्वतःची रोजनिशी एक दिवसही चुकलेली नाही. आणखी एका वहीने काय होतं, असं मला वाटलं. चुकलंच माझं.

त्या वर्षी वीस मार्चला, मंगळवारी, पोलिक्सेनीची वीज तोडली. ही आमच्या गल्लीतली शिवणकाम करणारी. पंचवीस मार्चच्या, स्वातंत्र्यदिनाच्या संचलनासाठी शाळेने तिला मुलांचे चौदा पोशाख सांगितले होते, जुने स्वातंत्र्यसैनिक घालायचे तसे चुण्यांचे पांढरे घागरे. शनिवारपर्यंत दिले नाहीत तर शाळा ते बाहेरून आणणार आणि पुढच्या वर्षी तिला विचारणार नाही. वर्षभरात तेवढंच एक मोठं काम. मी म्हटलं, माझ्याकडे ये. इस्त्री माझ्याकडे केली तिने दोन घागऱ्यांची, पण शिवणयंत्र लोखंडी टेबलाला जोडलेलं, चार माणसांनी उचलायचं.

ती थ्रासोसकडे गेली. मी बरोबर होते.

"अहो थ्रासोस, पाच मिनिटांचं काम आहे. तुम्ही डोळे मिटून कराल."

"करेन की. सभेने सांगितलं की लगेच."

"आणि सभेने नाही सांगितलं तर?"

"पोलिक्सेनी, मी एकट्याने जोडली तर ती चोरी. सगळ्यांनी ठरवून जोडली तर तो लढा."

"यंत्राला काय कळतंय चोरी की लढा!" ती म्हणाली. "त्याला करंट लागतो."

बुधवारी सभा झाली. पहिला तास पत्रक कसं लिहायचं यात गेला: 'जनता' म्हणायचं की 'कामगार वर्ग'. मग फिवोस उठला. हा विद्यापीठात सात वर्षं प्रबंध लिहितोय, विषय बहुधा बदलत असावा. तो म्हणाला, "प्रश्न तत्त्वाचा आहे. या बाईंकडे दोन यंत्रं आहेत, हंगामात मदतनीस असते. म्हणजे वर्गीय दृष्टीने त्या छोट्या मालक ठरतात."

पोलिक्सेनी मागे बसली होती. "बाळा, दुसरं यंत्र मोडकं आहे. त्याच्यावर मी तुळशीची कुंडी ठेवलीय. येऊन बघ माझं भांडवल, पाणीही घालून जा."

लोक हसले. फिवोससुद्धा हसला, वाईट मुलगा नाही तो. पण हसणं म्हणजे संमती नव्हे, असं त्याने नोंदवायला सांगितलं. मी नोंदवलं. निर्णय झाला नाही. गुरुवारी खास सभा बोलावली, तीही तीन तास चालली. वीज जोडायला पलीकडच्या वस्तीतल्या दुसऱ्या समितीला बोलवावं का, यावर दोन तास गेले. ती समिती आपल्या नावाचं स्टिकर मीटरवर लावते आणि श्रेय घेते, असं काहींचं म्हणणं. पोलिक्सेनी मधेच उठून गेली. तिच्या पिशवीत मेणबत्त्या होत्या, माझ्या चर्चच्या दुकानातून आणलेल्या.

थ्रासोस शेवटपर्यंत बसला. हत्यारांची पेटी पायाशी होती. दोन्ही दिवस तो ती घेऊन आला होता, आणि दोन्ही दिवस तशीच परत घेऊन गेला.

शुक्रवारी सकाळी कॉफी चुलीवर ठेवली आणि संतापाने सभेची वही उलटी चाळू लागले. बघायचं होतं की आम्ही आजवर एक तरी गोष्ट ठरवली आहे का. तेवीस नोव्हेंबरच्या पानावर थांबले. माझंच अक्षर. कॉफी उतू गेली.

थ्रासोसचं दार वाजवलं. तो दाढी करत होता, अर्धा गाल साबणाचा.

"हे वाचा."

"वाचून दाखवा, चष्मा नाही."

"चष्मा घाला. मी वाचलं तर म्हणाल, मारिएताबाईंनी मनाने घातलं."

त्याने चष्मा आणला. लिहिलं होतं: वस्तीतल्या कोणत्याही घराची वीज या करापायी तोडली गेली तर वेगळी सभा न बोलावता ती त्याच दिवशी जोडावी. विरोध कोणाचाही नाही. मांडणारा, फिवोस. जबाबदारी, थ्रासिवुलोस.

त्याने दोनदा वाचलं. साबण वहीवर टपकला.

"माझं नाव आहे," तो म्हणाला.

"आहे."

"मग दोन दिवस मी काय करत होतो?"

"तेच मला विचारायचंय! तुम्ही, मी, ते सगळे शहाणे! चार महिने झाले, ही वही एकाने तरी उघडली का? मीही नाही. मी फक्त लिहितेय, गाढवाने ओझं वाहावं तशी!"

त्याने वही पुसून मला परत दिली. तोंड धुतलं, अर्धी दाढी तशीच ठेवून पेटी उचलली. पोलिक्सेनीच्या मीटरपुढे त्याला चार मिनिटं लागली. मी घड्याळ लावलं होतं. आतून यंत्राचा आवाज आला. मग तिचा: "थ्रासोस, दुसरा गाल कोणत्या सभेत ठरणार?"

शुक्रवारभर आणि शनिवारी दुपारपर्यंत ती शिवत होती, मी आणि थ्रासोस चुण्यांना इस्त्री करत होतो. त्याचे हात तारांचे, चुणी सरळ धरायला उत्तम. चौदा घागरे वेळेवर गेले. रविवारी संचलन झालं, नंतर तिच्याकडे खारवलेला मासा आणि लसणाची चटणी खाल्ली, तिच्या बल्बखाली, भर दुपारी. तो तिने मुद्दाम लावला होता.

पुढच्या बुधवारी पहिलाच मुद्दा निघाला: कॉम्रेड थ्रासोस यांनी सभेचा निर्णय नसताना कृती केली. मी उठले आणि तेवीस नोव्हेंबर मोठ्याने वाचला, नावांसकट. फिवोसचे कान लाल झाले. मग तो म्हणाला, "ठीक आहे. पण तो निर्णय आजच्या परिस्थितीत लागू आहे का, यावर चर्चा व्हायला हवी."

थ्रासोसने हात वर केला. वाटलं, आता झापतो याला. अर्धी दाढी लोकांनी पाहिलेला माणूस, त्याला कसली भीती!

"फिवोसचा मुद्दा बरोबर आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "चर्चा झाली पाहिजे."

मी पेन टेबलावर ठेवलं. मग उचललं आणि ते लिहून घेतलं, कारण तो तसं म्हणाला होता. खाली आणखी एक ओळ लिहिली, जी सभेत कोणीच बोललं नव्हतं: पोलिक्सेनीच्या घरी दिवा चालू आहे. विरोध कोणाचाही नाही.